अंतर ४४७ किलोमीटरचे, उड्डाण तासाभराचे, प्रवास मात्र चार तासांचा

प्रतिनिधी, नवी मुंबई

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळापासून नांदेडचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४४७ किलोमीटर अंतरावर आहे. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ मात्र येथून अवघ्या २४ किलोमीटरवर आहे. तरीही सायंकाळच्या गर्दीत येथून सहारला मोटारीने पोहोचण्यास जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढ्याच वेळात विमान नांदेडच्या धावपट्टीवर उतरलेले असू शकते. अंतर आणि वेळ यांचे नाते विमानप्रवासात किती विचित्र असते, याचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रत्यक्ष प्रवासी वाहतूक सुरू झाली. इंडिगो, अकासा एअर, एअर इंडिया एक्स्प्रेस यांच्याबरोबरच विभागीय मार्गांवर छोटी जेट विमाने चालविणारी स्टार एअर ही कंपनीही सुरुवातीच्या कंपन्यांमध्ये होती. नांदेड, कोल्हापूर, नागपूर, गोवा अशा शहरांशी नाते असलेली लाखो कुटुंबे वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल या पट्ट्यात राहतात. साहजिकच 'आमचे गाव येथून विमानाने किती दूर आणि किती वेळाचे,' हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. त्याची तीन निरनिराळी उत्तरे मिळतात. एक नकाशा देतो, दुसरे विमान कंपनीचे वेळापत्रक देते आणि तिसरे प्रवाशाचे स्वत:चे घड्याळ देते. ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी असली, तरी त्यांची गल्लत केल्यास खर्च वाढतो आणि वेळही वाया जातो.

नकाशावरील अंतर

दोन विमानतळांमधील अंतर म्हणजे त्यांच्या ठरावीक संदर्भबिंदूंमधील पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणारी सर्वांत जवळची वाट. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांना चिकटवून दोरा ताणून धरला, तर तो ज्या मार्गाने जाईल ती ही वाट होय. भूगोलाच्या भाषेत तिला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या लांबच्या प्रवासात ही वाट सपाट नकाशावरील सरळ रेषेपेक्षा बरीच उत्तरेकडून जाते. महाराष्ट्राच्या आतील अंतरांत मात्र हा फरक नगण्य असतो. म्हणूनच शाळेतील नकाशासंग्रह आणि थोडी आकडेमोड एवढ्यावर कोणालाही हे अंतर काढता येते.

नवी मुंबई विमानतळ सुमारे १८.९९ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.०७ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर नांदेडचा विमानतळ १९.१८ अंश उत्तर आणि ७७.३२ अंश पूर्व येथे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून ध्रुवांकडे जाताना आक्रसत जातो; आपल्या पट्ट्यात तो १०५ किलोमीटरहून किंचित अधिक भरतो. दोन्ही विमानतळांच्या रेखांशांतील फरक सव्वाचार अंशांचा, म्हणजेच पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ४४७ किलोमीटर झाले. उत्तर-दक्षिण अंतर जेमतेम २१ किलोमीटर असल्याने काटकोन त्रिकोणाचा नियम लावूनही उत्तरात फारसा बदल होत नाही. नांदेड जवळजवळ नाकासमोर पूर्वेला आहे. घड्याळे दोन्हीकडे एकच वेळ दाखवीत असली, तरी या सव्वाचार अंशांमुळे नांदेडचा सूर्य नवी मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे १७ मिनिटे आधी माथ्यावर येतो.

हीच रीत वापरली तर नवी मुंबईपासून पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे १०० किलोमीटर, कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ २८८, गोव्यातील मोपा ३६९ आणि नागपूर ६६७ किलोमीटरवर येते. वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असल्याने नांदेड त्यांच्या हिशेबी सुमारे २४१ मैल होते.

जमिनीवरील वाटांशी तुलना केली की या आकड्यांचा अर्थ कळतो. मुंबई ते नांदेड हा रेल्वेमार्ग नाशिक, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी असा वळसा घेत सुमारे ६१० किलोमीटरचा होतो. कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुणे, सातारा, मिरज करीत सुमारे ५१८ किलोमीटर धावते. रेल्वेला घाट, नद्या आणि वाटेतील गावे सांभाळावी लागतात. विमान त्या सगळ्यावरून जाते आणि त्याचा पहिला फायदा हाच आहे.

चौतीस मिनिटांचा तास कसा होतो?

विभागीय मार्गांवर वापरले जाणारे एम्ब्राएर १७५ हे जेट विमान पूर्ण उंचीवर ताशी ८०० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने जाते. या वेगाने ४४७ किलोमीटर कापण्यास चौतीस मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र एवढ्या अंतरासाठी तासाहून अधिक वेळ मांडलेला आढळतो. मधली पस्तीस मिनिटे जातात कुठे, असा प्रश्न अनेक प्रवाशांना पडतो.

याचे उत्तर वेळ मोजण्याच्या पद्धतीत आहे. वेळापत्रकातील वेळ ही आकाशातील वेळ नसते. विमान जागेवरून हलते तेव्हापासून, दुसऱ्या विमानतळावर ते ठरलेल्या जागी थांबते तोपर्यंतचा हा वेळ असतो. उभ्या विमानाच्या चाकांना अडसर म्हणून ठोकळे लावतात. ते काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा काळ म्हणून विमान कंपन्या त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. विमान मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे, धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, पुढे विमाने असतील तर रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंत जाणे हे सारे त्यात येते. यातच पंधरा-वीस मिनिटे सहज जातात.

उरलेला वेळ चढण्या-उतरण्यात जातो. ताशी ८०० किलोमीटर हा वेग पूर्ण उंचीवरचा आहे. उड्डाणानंतर तीस हजार फुटांपर्यंत चढण्यास पंधरा मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि या काळात वेग हळूहळू वाढत असतो. उतरण्यासाठी वैमानिक साधा ठोकताळा वापरतात. दर एक हजार फूट खाली येण्यासाठी तीन सागरी मैल धरायचे. म्हणजे तीस हजार फुटांवरून उतरायचे तर सुमारे नव्वद सागरी मैल, अर्थात १६७ किलोमीटर आधीच उतरण सुरू करावी लागते. वेग कमी करण्यासाठी आणखी काही अंतर लागते ते वेगळेच. शिवाय दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरच्या आत ठेवण्याचा नियम आहे.

आता ४४७ किलोमीटरचा हिशेब पाहा. चढण्यात दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आणि उतरण्यात तेवढेच गेले, तर पूर्ण वेगाने जाण्यास जेमतेम शंभर किलोमीटर उरतात. पट्टा बांधण्याचा दिवा विझतो, पाण्याची बाटली हातात येते, तोच उतरण्याची घोषणा होते, हा छोट्या मार्गांवरील अनुभव त्यामुळेच येतो. अशा मार्गांवर पुष्कळदा फार उंची न गाठता खालच्या पातळीवरूनच विमान नेले जाते.

पंख्यांच्या एटीआर विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. केवळ भागाकार केला तर जेटने चौतीस मिनिटांत होणाऱ्या अंतराला त्याला चौपन्न मिनिटे लागतील. तथापि ते फार उंच चढत नसल्याने प्रत्यक्षातील फरक पंधरा-वीस मिनिटांच्या आतच राहतो. छोट्या मार्गांवर ही विमाने टिकून राहिली याचे कारण हेच. तेथे इंधनाची बचत वेळेच्या नुकसानीपेक्षा मोठी ठरते.

खारे वारे आणि मतलई वारे

विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करते आणि उतरतेही तसेच. नवी मुंबईची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पूर्वेला नांदेडकडे निघालेले विमानही आधी पश्चिमेकडे उड्डाण करून नंतर वळण घेते. हिवाळ्यात चित्र दिवसातच पालटते. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे, हा शाळेत शिकलेला धडा येथे प्रत्यक्ष कामाला येतो. उड्डाणाची दिशा बदलली की त्याच मार्गाच्या वेळेत काही मिनिटांचा फरक पडतो. विमानतळाच्या पूर्वेकडील माथेरान-प्रबळगडाची रांग आणि दक्षिणेचा कर्नाळा यांच्या उंचीचाही हिशेब मार्ग आखताना ठेवावा लागतो.

वरच्या थरातील वाऱ्यांचा परिणाम मात्र छोट्या मार्गांवर कमी जाणवतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा नांदेडला जाणाऱ्या विमानाला मदत करतो आणि परतीच्या विमानाला अडवतो. पण ताशी ८० किलोमीटरचा वारा धरला, तरी ४४७ किलोमीटरच्या प्रवासात तीन-चार मिनिटांपलीकडे फरक पडत नाही. मुंबई-लंडनसारख्या प्रवासात हाच फरक तासाच्या घरात जातो.

विमान नकाशावरील सरळ रेषेवरूनच जाईल, असेही नसते. आकाशात ठरलेले मार्ग असतात आणि त्यांवर पाच अक्षरी नावांचे टप्पे असतात. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असून, अशा तळांभोवतीच्या क्षेत्राचे निर्बंध पाळावे लागतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत ही अडचण मोठे रूप घेते. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा घ्यावा लागला. अंतर तेच असूनही उड्डाणाचा वेळ आणि इंधनाचा खर्च वाढला.

नवी मुंबईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सहार आणि नवी मुंबई हे दोन मोठे विमानतळ एकमेकांपासून केवळ २४ किलोमीटरवर आहेत. विमानाच्या दृष्टीने हे अंतर दोन-तीन मिनिटांचे आहे. न्यूयॉर्कमधील जेएफके आणि लाग्वार्डिया हे विमानतळ याहूनही जवळ, सुमारे १७ किलोमीटरवर आहेत, तर लंडनचे हीथ्रो आणि गॅटविक सुमारे ४० किलोमीटरवर. अशा जोड्यांमध्ये एका विमानतळावर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग आणि उंची दुसऱ्या विमानतळाशी जुळवूनच ठरवावी लागते. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे तेथे एका वेळी दोन्हींचा पुरेपूर वापर करता येत नाही आणि गर्दीच्या वेळी विमानांना घिरट्या घालाव्या लागतात, हा मुंबईकरांचा जुना अनुभव आहे. दुसऱ्या विमानतळाची गरज त्यातूनच निर्माण झाली.

वेळापत्रकातील मिनिटे आणि प्रवाशाचा हक्क

वेळापत्रकात मांडलेला वेळ हा कंपनीने अनुभवावरून ठरविलेला असतो. रांग, वारा, घिरट्या यांसाठी काही मिनिटे जादा धरलेली असतात. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत विमान आले, तर ते वेळेवर आल्याचेच धरण्याचा प्रघात आहे. त्यामुळे 'विमान दहा मिनिटे लवकर पोहोचले' याचा अर्थ वैमानिकाने वेग वाढविला असा नसून, जादा धरलेली मिनिटे वापरावी लागली नाहीत, एवढाच बहुधा असतो.

हा ब्लॉक टाइम प्रवाशाच्या खिशाशीही जोडलेला आहे, याची कल्पना थोड्यांनाच असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ मध्ये सुधारलेल्या नियमांत, पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास द्यावयाची भरपाई ब्लॉक टाइमवरून ठरविली आहे. एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी पाच हजार रुपये, एक ते दोन तासांसाठी साडेसात हजार आणि दोन तासांहून अधिक असल्यास दहा हजार रुपये, अथवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, असे हे सूत्र आहे. म्हणजे वेळापत्रकात साठ मिनिटे लिहिली आहेत की पासष्ट, यावरून भरपाईची कमाल मर्यादा बदलते. खराब हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरील कारणांसाठी ही भरपाई मिळत नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक विलंब झाल्यास अल्पोपाहार देण्याचे बंधन कंपनीवर आहे. छोट्या मार्गावरील प्रवाशांनी तिकिटावरील सुटण्याची व पोहोचण्याची वेळ नीट पाहून ठेवावी, ती यासाठीच.

केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतही अंतर आणि वेळ यांची अशीच सांगड घातलेली आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत सुमारे पाचशे किलोमीटरच्या, म्हणजे साधारण तासाभराच्या विमानप्रवासासाठी ठरावीक जागांचे भाडे अडीच हजार रुपयांपर्यंत मर्यादित करण्यात आले होते. ४४७ किलोमीटरचे नवी मुंबई-नांदेड अंतर या मापात नेमके बसते.

घरापासून घरापर्यंत

प्रवाशाच्या दृष्टीने खरा प्रवास घराच्या दारापासून सुरू होतो. समजा, वाशीतील एखादे कुटुंब नांदेडला निघाले आहे. घरापासून विमानतळापर्यंत चाळीस मिनिटे धरू. देशांतर्गत उड्डाणाचे चेक-इन काउंटर साधारणत: तासभर आधी बंद होतात, त्यामुळे सामान असलेल्या प्रवाशाला किमान दीड तास आधी पोहोचणे भाग आहे. नांदेडला उतरून सामान घेऊन बाहेर पडण्यास वीस मिनिटे आणि शहरातील घरापर्यंत अर्धा तास धरला, तर जमिनीवरील वेळ तीन तासांचा झाला. त्यात सुमारे सत्तर मिनिटांचे उड्डाण मिळविले की एकूण प्रवास होतो चार तास दहा मिनिटांचा. त्यापैकी पूर्ण वेगाने आकाशात जाणारा वेळ दहा मिनिटांहून जास्त नसतो.

आता हेच गणित इतर शहरांना लावून पाहू. जमिनीवरील तीन तास आणि उड्डाणातील स्थिर पस्तीस मिनिटे सर्वत्र सारखीच धरली आणि त्यात ताशी ८०० किलोमीटर वेगाने लागणारा वेळ मिळविला, तर पुण्याला तीन तास त्रेचाळीस मिनिटे, कोल्हापूरला तीन तास सत्तावन्न मिनिटे आणि नागपूरला चार तास पंचवीस मिनिटे लागतील. प्रत्येक मार्गावर थेट विमान आहे असे गृहीत धरून केलेला हा हिशेब आहे. त्याचा हेतू तुलना एवढाच. नागपूरचे अंतर पुण्याच्या सहापटीहून अधिक, पण वेळेतील फरक जेमतेम चाळीस मिनिटांचा. विमानप्रवासात लागणारा वेळ अंतरावर फार थोडा अवलंबून असतो. तो अवलंबून असतो विमानतळापर्यंतच्या रस्त्यावर, सुरक्षा तपासणीच्या रांगेवर आणि सामानाच्या पट्ट्यावर. अंतर वाढते तशी विमानाची उपयुक्तता वाढते, ती याचमुळे.

पुण्याला विमानाने जाण्याचा विचार कोणी करणार नाही. द्रुतगती महामार्गाने नवी मुंबईकर दोन-अडीच तासांत पुणे गाठतो. कोल्हापूरचा रस्ता येथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याला सहा ते सात तास लागतात. तेथे विमानाने दोन-तीन तास वाचतील, पण भाडे आणि वेळेची सोय पाहून ज्याने त्याने निर्णय घ्यावा. नांदेडबाबत मात्र शंकेला जागा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जालन्याऐवजी नांदेडपर्यंत धावू लागलेल्या वंदे भारत एक्स्प्रेसलाही मुंबई-नांदेड अंतरासाठी सुमारे साडेनऊ तास लागतात. तपोवन एक्स्प्रेसला सुमारे बारा तास लागतात. नवी मुंबईकराला गाडी पकडण्यासाठी आधी ठाणे किंवा कल्याण गाठावे लागते, तो वेळ वेगळा. सगळे धरून विमानाने सहा तासांची बचत होते.

रस्ता सुधारला की विमान मागे पडते

विमान कोणत्या अंतरापासून फायद्याचे, याचेही उत्तर वरच्या गणितातून मिळते. रस्त्याची लांबी सरळ रेषेतील अंतराच्या सव्वापट आणि मोटारीचा सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरच्या रस्त्यापर्यंत मोटारच लवकर पोहोचते. सरासरी वेग ८० किलोमीटर झाला की ही मर्यादा तीनशे किलोमीटरच्या पुढे सरकते. ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने राज्याच्या मोठ्या भागात नेमके हेच केले आहे. शिर्डी किंवा नाशिक येथे नवी मुंबईहून विमानाने जाण्याचे प्रयोजन त्यामुळे उरत नाही. तेथील विमानतळांचा उपयोग दिल्ली, हैदराबाद, बंगळुरूकडून येणाऱ्यांना अधिक आहे.

जगातही हाच अनुभव आहे. फ्रान्समध्ये १९८१ मध्ये पॅरिस-लिऑन अतिवेगवान रेल्वे सुरू झाली आणि तेथील छोटे हवाई मार्ग हळूहळू निष्प्रभ झाले. २०२३ मध्ये तर, जेथे रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येते अशा काही मार्गांवरील विमानसेवा त्या देशाने कायद्यानेच बंद केली. आपल्याकडे अशी स्थिती येण्यास बराच अवधी आहे. मराठवाड्यातील रेल्वेचा वेग पाहता तेथे विमानाला सध्या तरी स्पर्धक नाही.

दोन विमानतळांचा घोळ टाळा

पुन्हा सुरुवातीच्या २४ किलोमीटरकडे वळू. मुंबई परिसरात आता दोन विमानतळ असल्याने तिकीट काढताना केवळ 'मुंबई' हा शब्द पाहून भागणार नाही. सहारचे सांकेतिक नाव बीओएम, तर नवी मुंबईचे एनएमआय असे आहे. चुकून दुसऱ्याच विमानतळावर पोहोचलेल्या प्रवाशाला काउंटर बंद होण्याआधी योग्य ठिकाणी पोहोचणे जवळपास अशक्य आहे. सरळ रेषेतील २४ किलोमीटर रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर होतात आणि गर्दीच्या वेळी त्याला तास-दीड तास लागतो. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूने शिवडी ते उरण-पनवेल परिसर हा प्रवास सुकर केला असला, तरी शिवडीपासून पुढे सहारपर्यंतचा रस्ता शहराच्या गर्दीतूनच जातो.

नांदेडहून नवी मुंबईत उतरून सहारवरून परदेशी जाणाऱ्या प्रवाशांनी तर विशेष दक्षता घ्यावी. पहिल्या विमानाला होऊ शकणारा विलंब, सामान घेण्याचा वेळ, रस्ता आणि परदेशी उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचण्याची अट हे सारे धरले, तर दोन उड्डाणांत किमान सहा-सात तासांचे अंतर असावे. दोन्ही तिकिटे स्वतंत्रपणे काढलेली असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास त्याची जबाबदारी प्रवाशावरच येते.

विमानतळापर्यंत लोकलने येणाऱ्यांना नेरूळ-उरण मार्गावरील तरघर हे सर्वांत जवळचे स्थानक आहे. सामान कमी असेल, तर गर्दीच्या वेळी रेल्वेचा अंदाज रस्त्यापेक्षा अधिक खात्रीचा ठरतो.

रोजचे विमान हवे

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट मिनिटांत मांडता येत नाही. ती म्हणजे सेवेचे सातत्य. चार तासांत नांदेडला पोहोचता येते हे खरे. पण विमान आठवड्यातून काहीच दिवस असेल, तर घरी कोणी आजारी असल्याचा निरोप आलेल्या माणसाच्या दृष्टीने तो प्रवास दोन दिवसांचा होतो. अशा वेळी रात्री सुटणारी रेल्वेगाडी किंवा ट्रॅव्हल्सची बसच त्याला आधी घरी पोहोचविते. नवी मुंबई विमानतळावर सुरुवातीला सकाळी आठ ते रात्री आठ एवढ्याच वेळेत वाहतूक सुरू करण्यात आली होती. विमानतळ किती तास खुला आहे आणि छोट्या मार्गांना त्यातील कोणती वेळ मिळते, यावरही सकाळी जाऊन सायंकाळी परत येता येईल की नाही, हे ठरते.

नांदेडचा आजवरचा अनुभव या बाबतीत फारसा सुखाचा नाही. गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने २००८ मध्ये तेथील विमानतळाचा कायापालट झाला. देशभरातून, विशेषत: पंजाबातून, हुजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे प्रवाशांची वानवा नसावी, अशी अपेक्षा होती. तरीही विमान कंपन्या आल्या आणि गेल्या. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतील देशातील पहिल्या उड्डाणांत सिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबादबरोबर नांदेड-हैदराबाद या मार्गाचा समावेश होता. ती सेवा चालविणाऱ्या ट्रूजेट कंपनीची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. या योजनेतील अर्थसाहाय्य एका मार्गाला तीन वर्षांपुरतेच असते. त्यानंतर तो मार्ग स्वत:च्या बळावर चालावा, अशी कल्पना असते. छोट्या विमानात पाऊणशेच्या आसपास आसने असतात; ती रोज भरली नाहीत, तर कंपनीचे गणित कोलमडते. आणि विमान रोज नसेल, तर प्रवासी त्याच्या भरवशावर बेत आखत नाहीत. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी सोयीची वेळ आणि काही काळ न चुकता चालणारी सेवा, या दोन गोष्टी भाड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

तिकीट काढण्यापूर्वी म्हणूनच चार गोष्टी पाहाव्यात. विमान कोणत्या विमानतळावरून आहे, ते आठवड्यातून किती दिवस आहे, वेळापत्रकातील वेळ किती आहे आणि दोन्ही टोकांना घरापर्यंत किती वेळ लागतो. नकाशावरील किलोमीटर पाहण्याची गरज त्यानंतर क्वचितच पडते. नवी मुंबईच्या विमानतळामुळे खारघर-पनवेलकरांच्या पहिल्या टोकाचा वेळ निश्चित कमी झाला आहे. नांदेडकरांचे मुंबईपासूनचे अंतर खऱ्या अर्थाने कमी झाले की नाही, हे मात्र ते विमान किती वर्षे नियमित उडते, यावरच ठरेल.